किंवा म्हणजे एक, दोन्ही की कोणतेही?

कोकणातल्या खानावळीत फळ्यावर लिहिलेले असते, ‘थाळीसोबत सोलकढी किंवा ताक’. सोलकढी पिऊन झाल्यावर आपण ताकही मागवले, तर त्याचे पैसे वेगळे पडणार हे कुणी सांगावे लागत नाही. एखाद्या कार्यालयाच्या दारावर सूचना असते, ‘ओळखीचा पुरावा म्हणून आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्राची प्रत जोडावी’. आपण दोन्ही प्रती जोडल्या म्हणून अर्ज परत येत नाही. आणि क्रिकेटच्या सामन्याची अट वाचा: ‘पाऊस आला किंवा प्रकाश अपुरा पडला, तर खेळ थांबवण्यात येईल’. पाऊसही आला आणि अंधारूनही आले, तर खेळ चालू ठेवा असे कुणी म्हणणार नाही.

तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. थाळीच्या फळ्यावर तो ‘एकच घ्या’ असे सांगतो. अर्जाच्या सूचनेत ‘एक पुरे, दोन असले तरी हरकत नाही’ असे सांगतो. सामन्याच्या अटीत ‘एक घडो वा दोन्ही, परिणाम तोच’ असे सांगतो. हा फरक ओळखण्यात आपण सहसा चुकत नाही, आणि तरी तो शब्दात कुठेही लिहिलेला नाही. मग तो येतो कुठून?

इंग्रजीत या सर्व जागी ‘ऑर’ हा एकच शब्द येतो आणि इंग्रजी बोलणारी मुले तो फार लवकर शिकतात. या दोन अक्षरांवर तर्कशास्त्रज्ञ, भाषाशास्त्रज्ञ आणि न्यायाधीश यांनी इतके लिहिले आहे, की त्यांतून एक लहानसे ग्रंथालय उभे राहील. जगातल्या भाषा शेजारी ठेवून पाहिल्या, तर या एका शब्दात किती निरनिराळी कामे कोंबली आहेत ते दिसू लागते. मराठीने तर ती कामे निदान सहा शब्दांत वाटून दिली आहेत: किंवा, अथवा, वा, की, अगर आणि नाहीतर.

बेलचा ‘किंवा’ आणि जिन्याचा ‘किंवा’

घराला पुढचे आणि मागचे अशी दोन दारे आहेत. दोन्ही दारांबाहेर एकेक बटण आहे, घरात घंटी मात्र एकच. पुढचे बटण दाबले की ती वाजते, मागचे दाबले तरी वाजते, आणि दोन्ही एकदम दाबली तरीही वाजते. आता त्याच घरातला जिन्याचा दिवा बघा. त्यालाही दोन बटणे आहेत, एक खाली आणि एक वर. समजा, दोन्ही बटणे बंद असताना दिवा विझलेला आहे. एक चालू केले की दिवा लागतो. दुसरेही चालू केले की तो पुन्हा विझतो. म्हणजे दिवा लागायला दोहोंपैकी नेमके एकच बटण चालू हवे.

तर्कशास्त्रात या दोन जोडण्यांना वेगळी नावे आहेत. घंटीचा तो समावेशक विकल्प, म्हणजे दोन्ही खरे असण्याला जागा देणारा. दिव्याचा तो व्यावर्तक विकल्प, म्हणजे एकाला घेताना दुसऱ्याला बाहेर ठेवणारा. आपण त्यांना बेलचा ‘किंवा’ आणि जिन्याचा ‘किंवा’ म्हणू.

यांतला खरा ‘किंवा’ कोणता, हा वाद एकोणिसाव्या शतकात रंगला. आयर्लंडमधल्या कॉर्क इथे गणित शिकवणाऱ्या जॉर्ज बूल यांनी १८५४ साली विचारांच्या नियमांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तर्काला बीजगणिताचे रूप दिले. विकल्पासाठी त्यांनी बेरजेचे चिन्ह घेतले, पण ते फक्त एकमेकांत न मिसळणाऱ्या गटांपुरते. १८६४ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी ही अट काढून टाकली. दोन गटांत काही समाईक असले तरी बिघडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बूल यांना ते पत्रव्यवहारातही पटले नाही. पुढे तर्कशास्त्र गेले ते जेव्हन्स यांच्या वाटेने, म्हणजे बेलच्या बाजूने. आज तर्काच्या पुस्तकांत विकल्पासाठी इंग्रजी ‘व्ही’सारखे जे चिन्ह दिसते, ते लॅटिनमधल्या ‘वेल’ या शब्दाच्या आद्याक्षरावरून आले आहे.

लॅटिनमध्ये बेलसाठी ‘वेल’ आणि जिन्यासाठी ‘आउट’ असे दोन नेमके शब्द होते, असे पाठ्यपुस्तकांत अनेकदा सांगितले जाते. वाक्य ऐकायला छान आहे, पण लॅटिन लेखकांच्या प्रत्यक्ष लिखाणात इतका काटेकोर भेद सापडत नाही. कॅनडातले तत्त्वज्ञ आर. ई. जेनिंग्ज यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या समजुतीची चांगली झडती घेतली आहे.

घंटीचे आणि दिव्याचे उदाहरण मी सोयीसाठी शोधलेले नाही. क्लॉड शॅनन या तरुण अभियंत्याने १९३७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सादर केलेल्या प्रबंधात हेच दाखवून दिले, की बूल यांचे बीजगणित विजेच्या बटणांना जसेच्या तसे लागू पडते. संगणकाची रचना त्याच पायावर उभी राहिली. संगणकाला संदर्भ पाहून अर्थ लावता येत नव्हता, म्हणून त्याच्या भाषांत बेलचा आणि जिन्याचा ‘किंवा’ यांना वेगवेगळी चिन्हे द्यावी लागली.

न बोललेले ऐकू कसे येते

माणूस एकाच शब्दावर भागवतो, ते कसे? याचे मला सर्वांत पटणारे उत्तर ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी दिले आहे. १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी ते मांडले आणि त्याचा मुख्य भाग १९७५ साली छापून आला. ग्राइस म्हणतात, की शब्दाचा स्वतःचा अर्थ वेगळा आणि बोलणाऱ्याने तोच शब्द का निवडला यावरून ऐकणाऱ्याने काढलेला निष्कर्ष वेगळा.

समजा, तुम्ही विचारले, ‘आज बाजारातून कोणती भाजी आणली?’ आणि उत्तर आले, ‘मेथी किंवा पालक आणली असेल.’ ऐकताच तुम्ही दोन गोष्टी मनाशी धरता. एक, बोलणाऱ्याला नक्की माहीत नाही. दुसरी, दोन्ही भाज्या आणलेल्या नसाव्यात. पहिली गोष्ट का? नक्की माहीत असते तर त्याने एकच नाव घेतले असते. दुसरी का? दोन्ही आणल्याचे माहीत असते तर त्याने ‘मेथी आणि पालक’ म्हटले असते. ‘आणि’ म्हणणे तितकेच सोपे होते, माहितीही जास्त मिळाली असती. तरी त्याने ते म्हटले नाही, म्हणून आपण ती शक्यता बाजूला सारतो. हा सगळा हिशेब मनात क्षणार्धात होतो, आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे पडताळून पाहता येते. ‘मेथी किंवा पालक आणली असेल, कदाचित दोन्हीही असतील,’ हे वाक्य कानाला अजिबात खटकत नाही. ‘दोन्ही नाही’ हा अर्थ शब्दाच्या गाभ्यात असता, तर ते ‘एकच भाजी आणली, कदाचित दोन असतील’ इतकेच विसंगत वाटले असते. म्हणजे ‘दोन्ही नाही’ हा अर्थ वरून बसलेला आहे आणि गरज पडली की तो काढून ठेवता येतो.

वाक्य जर-तरचे झाले की तो आपोआप गळून पडतो. ‘मेथी किंवा पालक आणलीस तर वरणात घालू’ असे म्हटल्यावर दोन्ही भाज्या घेऊन येणाऱ्याला कुणी परत पाठवत नाही. क्रिकेटच्या अटीत हेच घडले. थाळीच्या फळ्यावर मात्र ठरलेली किंमत आणि खानावळीचा रिवाज आपल्याला ठाऊक असतो, म्हणून तिथे आपण जिन्याचा ‘किंवा’ वाचतो. शब्द स्वतः इतकेच सांगत असतो, की या दोन शक्यता विचारात घ्या. पुढचे सगळे आपण भरतो.

परवानगीत तर याहून विलक्षण प्रकार होतो. ‘शनिवारी किंवा रविवारी ये’ असे मावशीने सांगितले, तर भाच्याला दोन्ही वारांची मोकळीक मिळते. शनिवारी गेले तरी चालेल आणि रविवारी गेले तरी चालेल. इथे ‘किंवा’ने चक्क ‘आणि’चे काम केले. ‘तो शनिवारी किंवा रविवारी आला’ या साध्या माहितीत मात्र असे काही होत नाही. डॅनिश कायदेपंडित आल्फ रॉस यांनी १९४१ साली या प्रदेशातला एक पेच मांडला. साध्या तर्काने ‘अ’ खरे असेल तर ‘अ किंवा ब’ खरे असतेच. मग ‘हे पत्र पेटीत टाक’ या आज्ञेतून ‘हे पत्र पेटीत टाक किंवा जाळून टाक’ अशी आज्ञा निघायला हवी. कुठलाही शहाणा नोकर ते मान्य करणार नाही. आज्ञा आणि परवानग्या यांचा तर्क साध्या विधानांपेक्षा वेगळा का चालतो, यावर अजून एकमत झालेले नाही.

प्रश्न विचारायचा असेल तर

आता मराठीने साधलेल्या गोष्टीकडे वळू. पुढचे दोन प्रश्न मोठ्याने म्हणून पाहा.

‘चहा किंवा कॉफी घेणार का?’

‘चहा घेणार की कॉफी?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नको’ असे येते. विचारणाऱ्याला पाहुण्याने काहीतरी गरम घ्यावे एवढेच हवे आहे. दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा पाहुणा विचित्र ठरेल, कारण काहीतरी घेणार हे तिथे गृहीत आहे आणि दोहोंतले एक नाव ऐकायचे आहे. इंग्रजीत दोन्ही प्रश्न लिहायला शब्द तेच आणि क्रमही तोच. बोलताना सूर चढवून किंवा उतरवून फरक करता येतो, पण कागदावर तो सूर उमटत नाही. मराठीत कागदावरही गोंधळाला जागा उरत नाही.

‘की’ची शिस्त आणखी निरखण्यासारखी आहे. तो ‘का’ला शेजारी उभे करत नाही. ‘चहा घेणार की कॉफी का?’ असे आपण म्हणत नाही. ‘का’ म्हणजे हो-नाही विचारणारी खूण आणि ‘की’ म्हणजे निवड मागणारी, म्हणून एका प्रश्नात दोघांना काम उरत नाही. ‘की’ साध्या विधानातही बसत नाही. ‘मी सोमवारी की मंगळवारी येईन’ हे मराठी कानाला चुकीचे वाटते, तिथे ‘किंवा’च लागतो. पण विधानात एखादा न सुटलेला प्रश्न दडलेला असेल, तर ‘की’ लगेच हजर होतो: ‘तो सोमवारी येतो की मंगळवारी, कोण जाणे.’ आणि ‘ऊन असो की पाऊस, वारी थांबत नाही’ अशा वाक्यातही तो चालतो, कारण तिथे प्रश्न उभा करून त्याचे उत्तर काहीही असले तरी फरक पडत नाही, असे म्हणायचे असते. शाळेच्या व्याकरणात किंवा, अथवा, वा, की, अगर हे सगळे विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय या एका खणात ठेवलेले असतात. ‘की’ला तिथे वेगळा खण मिळायला हवा, असे मला मनापासून वाटते.

हा भेद पाळणारी मराठी एकटी नाही. गोव्याच्या कोकणीत ‘येता काय ना?’ असे विचारतात, म्हणजे प्रश्नातला विकल्प जोडायला तिथे ‘काय’ येतो. त्यापलीकडे, मराठीशी काडीचाही संबंध नसलेल्या भाषांनीही हीच सोय स्वतंत्रपणे करून घेतलेली आहे.

चौकट: निवड मागणारा शब्द आणि नुसता विकल्प सांगणारा शब्द

मराठी: प्रश्नात की, विधानात किंवा
फिनिश: प्रश्नात वाइ, विधानात ताइ
चिनी (मँडरिन): प्रश्नात हाइशी, विधानात ह्वोच
बास्क: प्रश्नात आला, विधानात एदो
अरबी (अभिजात): प्रश्नात अम्, विधानात अव्
इंग्रजी: दोन्हीकडे ऑर

(प्रत्यक्ष बोलण्यात सीमा थोड्या सैल असतात. उदाहरणार्थ, बास्कमधला एदो काही वेळा प्रश्नातही येतो.)

विकल्पाचा शब्द कशापासून बनतो

‘दगड’ किंवा ‘पाणी’ या शब्दांसमोर बोट दाखवता येते. ‘किंवा’समोर काहीच दाखवता येत नाही. मग भाषा असा शब्द घडवतात कशातून? जगभर पाहिले तर कच्चा माल ठरावीक चार-पाच ठिकाणांहूनच येतो.

एक खाण म्हणजे प्रश्न. आपला ‘किंवा’ संस्कृतातल्या ‘किम्’ आणि ‘वा’ यांचा जोड आहे आणि ‘किम्’ हा प्रश्नार्थक शब्द आहे. मल्याळममध्ये प्रश्न विचारायला शेवटी ‘ओ’ लावतात, आणि तोच ‘ओ’ दोन्ही पर्यायांना लावला की विकल्प होतो: ‘चाययो काप्पियो’. जपानीत प्रश्नाच्या शेवटी ‘का’ येतो आणि दोन नामांच्या मध्येही तोच ‘का’ बसून ‘किंवा’चे काम करतो. एकमेकांपासून इतक्या दूरच्या भाषांनी एकाच जागी हात घातला, याचे कारण उघड आहे. प्रश्न विचारणे म्हणजे शक्यता उघड्या ठेवणे, आणि विकल्पही तेच करतो.

दुसरी खाण इच्छेची. वर आलेला लॅटिन ‘वेल’ हा ‘इच्छिणे’ या क्रियापदापासून आला आहे. हिंदीतला ‘चाहे यह, चाहे वह’ यातही चाहणे आहे. ‘हवे ते घ्या’ म्हणता म्हणता शब्द झिजला आणि ‘किंवा’ झाला.

तिसरी खाण अटीची, म्हणजे ‘जर’ची, आणि तिची साक्ष मराठीच्याच घरात आहे. फारसीत आणि हिंदीत ‘अगर’ म्हणजे ‘जर’. तोच शब्द मराठीत आला तो ‘किंवा’ बनून. ‘स्वतः अगर वकिलामार्फत हजर राहावे’ असे न्यायालयाच्या नोटिशीत वाचणारा हिंदी भाषक क्षणभर अडखळतो. पण असा अर्थबदल एकट्या मराठीत झालेला नाही. लॅटिनमध्ये ‘सि’ म्हणजे ‘जर’, त्याला विकल्पाचा ‘वे’ जोडून ‘सिवे’ झाला आणि तोही ‘किंवा’च्या अर्थाने चालला. डच भाषेत ‘ऑफ’ हा शब्द ‘किंवा’ म्हणूनही येतो आणि ‘की नाही कुणास ठाऊक’ अशा वाक्यातही येतो.

‘सिवे’चे एक खास काम होते. एकाच गोष्टीची दोन नावे तो जोडत असे. तत्त्वज्ञ स्पिनोझा यांनी ‘ईश्वर सिवे निसर्ग’ अशा अर्थाची शब्दयोजना केली, तेव्हा त्यांना दोहोंतले एक निवडा असे म्हणायचे नव्हते, दोन्ही एकच आहेत असे म्हणायचे होते. मराठीत हे काम ‘अथवा’ आणि ‘ऊर्फ’ करतात. बाबा पदमनजी यांची १८५७ सालची ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ ही कादंबरी घ्या. त्या नावातला ‘अथवा’ वाचकाला निवड करायला सांगत नाही, एका पुस्तकाचे दुसरे नाव सांगतो.

आणि काही भाषांना असा शब्द लागतच नाही. ब्राझीलच्या रोंडोनिया प्रांतात बोलली जाणारी वारी ही भाषा ‘कदाचित तो जगेल, कदाचित तो मरेल’ अशी दोन वाक्ये शेजारी ठेवते आणि विकल्प पोहोचवते. ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी भाषेत ‘मानु’ हा शब्द साध्या वाक्यात ‘आणि’ होतो आणि नकारात ‘किंवा’. ऐकायला हे फार अनोखे वाटते, पण आपण रोज तेच करतो. ‘आईवडील’ म्हणताना दोघेही येतात. ‘दोन-चार’, ‘उद्या-परवा’, ‘बरेवाईट’, ‘पासनापास’ म्हणताना दोहोंपैकी एक येते. दोन शब्द नुसते शेजारी ठेवायचे आणि ‘आणि’ घ्यायचा की ‘किंवा’ हे ऐकणाऱ्यावर सोपवायचे, ही रीत मराठीत सर्रास चालते. इतरेतर द्वंद्व आणि वैकल्पिक द्वंद्व अशी तिची नावे आपण शाळेत पाठही केलेली असतात.

पाणिनीचे तीन ‘किंवा’

संस्कृतातला ‘वा’ आणि लॅटिनमधला ‘वे’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत, आणि दोन्ही आपल्या शब्दाच्या मागे उभे राहतात. या ‘वा’वरून पुण्याशी निगडित असलेली एक मोठी चर्चा झाली.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत. त्यांतली कित्येक सूत्रे ऐच्छिक आहेत, म्हणजे एका शब्दाची दोन रूपे चालतात असे ती सांगतात. हे सांगायला पाणिनीने तीन वेगळे शब्द वापरले आहेत: वा, विभाषा आणि अन्यतरस्याम्. परंपरेतल्या टीकाकारांनी तिन्हींचा अर्थ एकच मानला. फिनलंडमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ पॉल किपार्स्की यांना ते पटले नाही. जो ग्रंथकार एक मात्रा वाचवायला जिवाचे रान करतो, तो एका अर्थासाठी तीन शब्द कशाला खर्चील? त्यांनी सूत्रे आणि प्रत्यक्ष संस्कृत वापर ताडून पाहिला आणि असे मांडले, की ‘वा’ म्हणजे हे रूप अधिक पसंत, ‘विभाषा’ म्हणजे चालते पण पसंती कमी, आणि ‘अन्यतरस्याम्’ म्हणजे दोन्ही सारखीच. त्यांचे हे पुस्तक पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राने आणि एमआयटी प्रेसने मिळून प्रसिद्ध केले. सगळ्या विद्वानांनी हा सिद्धान्त मान्य केलेला नाही. पण तो बरोबर असेल, तर बेल आणि जिना या वादाच्या कितीतरी शतके आधी पाणिनीने विकल्पात पसंतीचे माप घातले होते.

मीमांसकांची भूमिका याच्या उलट्या टोकाची होती. वेदवाक्यांचा अर्थ लावताना त्यांना विकल्प नकोसा वाटे. यज्ञात तांदूळ वापरावा असे एक वाक्य, जव वापरावे असे दुसरे. तांदूळ घेतला की जवाचे वाक्य त्या वेळेपुरते निष्फळ ठरते, आणि जव घेतले की तांदळाचे. प्रत्येक बाजूला असे चार दोष मोजून त्यांनी विकल्पाला आठ दोष चिकटवले, आणि दुसरा कुठलाच मार्ग उरला नाही तरच विकल्प माना, असा नियम केला. आधी प्रसंगानुसार वाटणी करता येते का ते बघा, म्हणजे अमक्या परिस्थितीत हे आणि तमक्या परिस्थितीत ते. याला त्यांनी व्यवस्थित विकल्प म्हटले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात मीमांसेच्या नियमांचा धर्मशास्त्राशी असलेला संबंध सविस्तर आला आहे.

नकार आला की

‘मला चहा किंवा कॉफी नको’ म्हटले की दोन्ही नकोत असा अर्थ होतो. विकल्पाला नकार दिला की दोन्ही बाजूंना नकार मिळतो, हा नियम ऑगस्टस द मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो. हे ब्रिटिश गणितज्ञ १८०६ साली आपल्याकडे, मदुराईत जन्मले.

तर्काचा हा नियम भाषांना मात्र सरसकट लागू होत नाही. जपानीत ‘त्याने ढोबळी मिरची किंवा गाजर खाल्ले नाही’ अशा वाक्याचा अर्थ प्रौढ माणसे ‘दोहोंपैकी एक खायचे राहिले, कोणते ते माहीत नाही’ असा घेतात. गोरो आणि अकिबा या अभ्यासकांनी २००४ साली लहान जपानी मुलांना हीच वाक्ये ऐकवली, तेव्हा मुलांनी मोठ्यांसारखा अर्थ न घेता ‘दोन्ही खाल्ले नाही’ असाच अर्थ घेतला. म्हणजे द मॉर्गन यांचा नियम मुलांकडे आधीपासून असतो आणि जपानी रीत ती नंतर शिकतात. भाषा शिकताना मूल कशावर उभे असते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

जिथे पैसा आणि शिक्षा अडकलेली असते

गप्पांमध्ये ‘किंवा’चा अर्थ चुकला तर आपण पुन्हा विचारतो. कायद्याच्या कागदाला पुन्हा विचारता येत नाही.

अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या दूधगाडीचालकांनी जादा कामाच्या मोबदल्यासाठी दावा लावला. कायद्यात मोबदल्यातून वगळलेल्या कामांची यादी होती आणि तिच्या शेवटी ‘पाठवणी ऑर वितरण’ यांच्यासाठी बांधणी करणे असा अर्थ निघेल, असे शब्द होते. त्याच शब्दांतून ‘पाठवणीसाठी बांधणी करणे, ऑर वितरण करणे’ असाही अर्थ निघत होता. पहिला अर्थ धरला तर फक्त बांधणी वगळली जाते आणि गाडी चालवून माल पोहोचवणाऱ्यांना पैसे मिळतात. दुसरा धरला तर वितरणही वगळले जाते. ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम असता तर प्रश्नच आला नसता. २०१७ साली अपील न्यायालयाने ही संदिग्धता चालकांच्या बाजूने सोडवली आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. मेनच्या विधिमंडळाने नंतर ती यादी अर्धविराम घालून नव्याने लिहिली. मराठीत हा खटला उभाच राहिला नसता. ‘पाठवणी किंवा वितरणासाठी बांधणी’ आणि ‘पाठवणीसाठी बांधणी किंवा वितरण’ ही आपल्याकडे दोन निराळी वाक्ये होतात, कारण ‘साठी’ कुणाला चिकटतो ते डोळ्यांना दिसते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोरही हा शब्द येतो. १९४० च्या औषध कायद्यातल्या व्याख्येत ‘औषधे आणि पदार्थ’ असे शब्द होते. ईश्वरसिंह बिंद्रा खटल्यात १९६८ साली न्यायालयाने तिथला ‘आणि’ हा ‘किंवा’ म्हणून वाचला, कारण दोन्ही एकत्र धरले तर व्याख्येला काही अर्थच उरत नव्हता. असे वाचन न्यायालये अपवाद म्हणून करतात, पण करतात. मसुदे लिहिणाऱ्यांनी यावर ‘आणि/किंवा’ असा तोडगा काढला. तो इंग्रजीतून आलेला आहे आणि इंग्लंडमध्येच त्याची अब्रू फारशी नाही. लॉर्ड चान्सलर व्हायकाउंट सायमन यांनी एका निकालात या जोडशब्दाला अनौरस ठरवले होते. ‘यांपैकी एक’, ‘यांपैकी कोणतेही’, ‘एक किंवा दोन्ही’ असे मराठीत सरळ लिहिता येत असताना त्या तिरक्या रेघेची गरज नाही.

यंत्राने किंवा घाईने केलेल्या भाषांतरांतून आता एक नवीच चूक पसरते आहे. अर्जांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर ‘तुम्हाला पावती हवी आहे किंवा नाही?’, ‘आपण भाडेकरू किंवा मालक आहात?’ असे प्रश्न दिसतात. इंग्रजी ‘ऑर’ दिसला की ‘किंवा’ टाकायचा, एवढाच विचार त्यामागे असतो. दुसऱ्या प्रश्नाला मराठी माणूस प्रामाणिकपणे ‘हो’ असे उत्तर देईल आणि ते बरोबरही ठरेल. अर्ज, सूचना, प्रश्नावल्या आणि ॲपची मराठी लिहिणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: निवड विचारायची असेल तिथे ‘की’ लिहा, एकच हवे असेल तिथे ‘यांपैकी एकच’ लिहा, आणि दोन्ही चालत असतील तर तसे स्पष्ट सांगा.